उजवीकडची खुर्ची

वैमानिकांच्या संपाचा तो पहिलाच आठवडा होता. विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. छपरावरून विमान गेले की फडताळातली भांडी थरथरत आणि बोलणारा वाक्य अर्धे सोडून विमान जाऊ देई, अशी या घराची रीतच पडून गेली होती. संप सुरू झाला आणि आभाळ मुके झाले. आता वाक्ये अखंड बोलता येत होती, तर कोणाला बोलवेना.

त्या शांततेत माझे धाकटे दीर बोलू लागले.

दुपारची जेवणे आटोपली की ते व्हरांड्यात डावीकडच्या, म्हणजे कॅप्टनच्या बाजूच्या खुर्चीत ताठ बसत आणि समोर नजर लावून उड्डाणापूर्वीची तपासणी पुकारत. "पार्किंग ब्रेक?" मग उत्तर येण्याइतका वेळ थांबत. "दारं?" पुन्हा थांबत. उजवीकडची, को-पायलटची खुर्ची रिकामी असे.

याला कारण होते, आणि ते मी कधी लपवले नाही. आमच्या उमेदीच्या काळात असाच एक संप झाला. कंपनीने दोन उड्डाणांमधली विश्रांती कापली होती, पगाराला कात्री लावली होती. माझे यजमान वैमानिकांच्या संघटनेचे अध्यक्ष. आणि त्यांच्याच पाठच्या भावाने, याच भाऊजींनी, कॅप्टनची खुर्ची मिळते म्हणून, संप मोडून विमान उडवले. पुढे संप मिटला, बोलणे मात्र पुन्हा सुरू झाले नाही. वैमानिकांचा तो अलिखित दंडच आहे: फुटलेल्या माणसाशी कॉकपिटमध्ये कामापुरते शब्द, त्याहून एक अक्षर अधिक नाही. माझी जाऊ वारली, त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला भाऊजींच्या शेजारच्या माणसाने "दारं बंद" एवढेच म्हटले. यजमानांनी घरातही तोच दंड चालवला आणि त्यांच्यामागे तो मी चालवला. अन्न तोडले नाही, शब्द तोडला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आता वेळ नातीवर आली होती. कॅप्टनचे प्रशिक्षण पुरे करूनही ती को-पायलटच होती. कंपनीने विश्रांतीचे तास पुन्हा कापले, भत्ते गोठवले, आणि सगळे वैमानिक विमानतळाच्या गेटवर बसलेले असताना तिला एकटीला फोन केला: उद्या सकाळचे विमान कॅप्टन म्हणून घेऊन जा, खुर्ची कायमची तुझी. संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. तिचे मन जाण्याकडे झुकलेले मला दिसत होते.

"नाही बोलले तर नाही बोलले, आजी," ती म्हणाली. "मी काय तिथं गप्पा हाणायला जाते? उलट डोक्याला शांतता."

"ती कशी असते ते बघायचं असेल तर व्हरांड्यात जाऊन बस," मी म्हटले. "उपदेश करायला मला सवड नाही."

ती गेली आणि मोबाइलमध्ये डोके घालून उजवीकडच्या खुर्चीत बसली.

"पार्किंग ब्रेक?" भाऊजी म्हणाले.

वैमानिकाला एक वेळ शिंक अडवता येईल, पण कानावर आलेला हा पुकारा अनुत्तरित ठेवता येत नाही. "सेट," तिच्या तोंडून निघून गेले.

मी दारातून बघत होते; मला वाटले, भाऊजी दचकतील. ते दचकले नाहीत. "दारं?" "बंद." "फ्लॅप्स?" "सेट." एकामागून एक, बिनचूक. तपासणी पूर्ण झाल्याचे सांगून तिने हसत मोबाइल बाजूला ठेवला, आपण कोण ते सांगितले, आणि खुर्ची मिळाली तेव्हा कसे वाटले होते, असे त्यांना विचारले.



"खुर्ची चांगली होती," ते समोर बघतच म्हणाले. "पहिलं वर्षभर मी उजवीकडे बघायचो. कोण आलंय, हसतंय का. मग बघणं सोडलं. आवाजावरून ओळखायचो. पुढे पुढे आवाजही सगळे एकसारखेच झाले."

"आणि माझा, धाकटे आजोबा?"

"पार्किंग ब्रेक?" भाऊजी म्हणाले.

या वेळी तिने ओठ घट्ट मिटून धरले. मग उठली. माझ्या शेजारून आत गेली. बोळात उभी राहून तिने फोन लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याला हवे तेवढे बोलू दिले आणि उद्या आपल्या शेजारी कोण बसणार, एवढेच विचारले. बाहेरून कोणीतरी आणू, नावाशी तुम्हाला काय करायचे आहे, असे तो म्हणाला असावा.

"मग मीही येत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बूट चढवताना तिने मान वर केली. "खुर्ची गेली, आजी. आता मिळेपर्यंत केस पिकतील माझे."

"पिकू देत. माझे कुठे काळे राहिलेत?"

ती गेटवर आपल्या माणसांत बसायला निघून गेली. फाटक वाजले. रस्ता ओस होता, आभाळही. उन्हे उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर येऊ लागली होती, म्हणून ती सरकवायला मी व्हरांड्यात गेले.

"वहिनी," भाऊजी म्हणाले. पावलांवरून त्यांनी मला ओळखले असावे. "पोरगी गेटवरच गेली ना?"

घेतलेला नेम मी मोडत नाही. मी होकाराची मान हलवली. मग पुन्हा एकदा, नीट दिसेल अशी हलवली.

त्यांनी वळून पाहिले नाही.