शिकवणीच्या गाडीचा रेडिएटर

मित्रांनो, गाडीत बसलात की तुम्ही आरशात तोंड बघता, हॉर्न वाजवता आणि खिडकीची काच खालीवर करून मोठ्यांची बोलणी खाता. पण गाडीच्या पुढच्या जाळीमागे कोण उभा असतो, हे वाकून बघायचं कुणाला सुचत नाही. त्या जाळीमागे माझं सारं आयुष्य गेलं. मी एक जुना रेडिएटर आहे.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला चिकाटीचं. इंजिनाच्या पोटात सारखी आग पेटलेली असते. कूलंट नावाचा एक द्रव त्या आगीच्या आजूबाजूने फिरतो, तिची धग उचलतो आणि तापून माझ्याकडे येतो. माझ्या अंगात बारीक बारीक नळ्या आहेत आणि त्या नळ्यांना पापुद्र्यासारखे पातळ पत्रे चिकटलेले आहेत. समोरून वारा आला की द्रव निवतो आणि पुन्हा इंजिनाकडे जातो. तापून यायचं, निवून जायचं, दिवसभर हाच खेळ.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा एका बाईंनी मला पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिलं होतं. बुडबुडा आला असता, तर मी बाद झालो असतो. बुडबुडा आला नाही. "पक्का आहे गं हा!" असं शेजारणीला सांगून त्यांनी मला फडक्याने पुसलं. आयुष्यातली पहिली शाबासकी ती. पुढे एका छोट्या पांढऱ्या गाडीत मला बसवलं आणि माझ्यात पोपटी हिरवं कूलंट भरलं. किती छान दिसत होतो मी आतून! पण आतून कोण बघणार?

ती गाडी गावातल्या एका बाईंनी घेतली. त्यांनी गाडीच्या टपावर पाटी लावली, आपल्या पायाशी जादा ब्रेक बसवून घेतला आणि गाडी शिकवायला सुरुवात केली. गावातले सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

काय दिवस होते ते! रोज नवा शिकाऊ यायचा, क्लच सोडायचा आणि आमची गाडी बेडकासारखी उड्या मारत फाटकाबाहेर पडायची. कुणी कचऱ्याचा डबा उडवला, कुणी दुधवाल्याच्या सायकलला घाम फोडला. बाई कधी ओरडल्या नाहीत. "गाडी बंद पडली म्हणून आकाश नाही कोसळत. करा सुरू," एवढंच म्हणायच्या. आणि दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना, पदर खोचून स्वतः बॉनेट उघडायच्या. माझ्या जाळीत अडकलेली वाळकी पानं, पाखरांची पिसं बोटांनी काढायच्या. दोन-तीन वर्षांनी जुनं कूलंट पूर्ण काढून तसलंच नवीन भरून घ्यायच्या. त्यात दुसरं काही मिसळू द्यायच्या नाहीत. त्या रविवारांची मला अजून आठवण येते.

पेट्रोल पंपावरचा उंच माणूस, ज्याला सगळे 'उंट' म्हणत, तो बाईंकडेच शिकला. मोटारीच्या सामानाचं दुकान चालवणारी, जिला 'बडबडी' म्हणत, तीही आमच्याच गाडीत शिकली. कोपऱ्यावरचा शिंपी तर तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाला आणि आनंदाने माझ्या जाळीला हार घालून गेला. ही गाडी प्रत्येकाला आपली वाटायची.

मग बाईंचे गुडघे दुखायला लागले. रविवारचं बॉनेट महिन्यावर गेलं आणि पुढे उघडायचंच राहिलं. त्याच सुमारास माझ्याकडे येणाऱ्या एका रबरी पाइपाची पकड ढिली झाली. थेंब थेंब कूलंट गळू लागलं.

कूलंट कमी झालेलं पहिल्यांदा उंटाला दिसलं. "बाई, तुम्ही बसा, मी बघतो," म्हणत त्याने पंपावरचा हिरव्या कूलंटचा डबा आणून ओतला. पुढे कधीतरी बडबडीला दिसलं. "अगंबाई, रिकामं झालं की! बाई, हे बघा, हे नवीन आलंय, लालबुंद, एकदम भारीतलं. पैशाचं नाव काढायचं नाही, गुरुदक्षिणा समजा!" असं म्हणत तिने अख्खी बाटली ओतली. शिंप्याने तर दुकानातला तांब्याच आणला. "पाणी ते पाणी," म्हणाला आणि नळाचं पाणी ओतून मोकळा झाला. बाई प्रत्येकाचे आभार मानायच्या. पुन्हा कमी झालं की पुन्हा कुणीतरी ओतायचं. कमी का होतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, लाल वाईट नव्हतं. हिरवंही वाईट नव्हतं. हिरव्याची धातू जपायची एक रीत असते, लालची दुसरी. एकट्याने काम केलं असतं तर दोघांनीही मला नीट सांभाळलं असतं. एकत्र आल्यावर मात्र एकाचं औषध दुसऱ्याने मारलं. आधी रंग गढूळ झाला. मग द्रवाला चिकटपणा आला. नळाच्या पाण्यातला क्षार येऊन त्यावर बसला. माझी एक नळी बुजली, मग शेजारची बुजली. अंग जड झालं. सपाट रस्त्यावर कसंबसं निभायचं, चढ आला की धाप लागायची. आणि सांगणार कुणाला?

अशा अवस्थेत बाईंची धाकटी बहीण शिकायला आली. तिचे केस पांढरे झाले होते, तरी बाई तिला 'चिमे'च म्हणत.

चिमीचं घर गावाबाहेर टेकडीवर होतं. घरची गाडी तिचे यजमान चालवायचे. त्यांना आपण मेहुणे म्हणू, कारण बाईंचे ते मेहुणे. पण मेहुण्यांना काचबिंदू झाला. दोन्ही बाजूंनी नजर आवळत आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. डोळ्यांच्या दवाखान्यात तर सारखं जावं लागणार. टेकडीवर दुसरं वाहन येत नाही. दोघांच्या मुलाने परगावाहून सांगितलं, "घर विका आणि माझ्याकडे या." मेहुण्यांनी त्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

चिमी म्हणाली, "मी शिकते."

"या वयात?" मेहुणे म्हणाले. "गाडी म्हणजे काय शिवणाचं मशीन आहे?"

"शिवणाचं मशीन तरी तुम्हाला कुठे चालवता येतं?" चिमी म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या फाटकात हजर झाली.

बाई परक्यांना जेवढ्या मऊ, तेवढ्या सख्ख्या बहिणीला कडक. "चिमे, क्लच! चिमे, आरसा! चिमे, तो कुत्रा आहे, त्याला हॉर्न कळत नाही!" एकदा चढावर गाडी मागे घरंगळली आणि चिमी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. "नाही जमायचं मला, ताई. विकू दे घर." बाईंनी हँडब्रेक ओढला. मग बाई म्हणाल्या, "लहानपणी विहिरीत पोहायला तू माझ्या आधी शिकलीस. मी काठावर बसून रडत होते. आठवतं?" चिमीने नाक पुसलं. गाडी सुरू झाली आणि या वेळी चढली.

परीक्षेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. बाई आणि मेहुणे परीक्षेच्या कचेरीच्या फाटकाजवळच्या बाकावर बसले. परीक्षक साहेब चिमीच्या शेजारी बसले आणि आम्ही निघालो. वळणं झाली, मागे घेणं झालं. चिमीने एकही चूक केली नाही. शेवटी राहिला तो चढ. चढावर आमच्यापुढे मालाने भरलेला एक ट्रक कण्हत चालला होता. वेग नाही, वारा नाही, वर ट्रकच्या गरम धुराचा लोट माझ्या तोंडावर. माझ्या निम्म्या नळ्या बुजलेल्या. मी जिवाच्या आकांताने द्रव निववत होतो, पण तो जसा यायचा तसाच गरम परत जायचा.

"साहेब, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चाललाय," चिमीचा आवाज आला.

"तुम्ही रस्त्याकडे बघा. वर गेल्यावर उजवीकडे वळायचं आहे."

"पण साहेब, लालपर्यंत आलाय."

"अहो, परीक्षा चालू आहे. पुढे चला."

नापास झालं, तर पुन्हा नंबर कधी लागणार? मुलगा तर घरासाठी गिऱ्हाईक बघायला लागला होता. मला वाटलं, दामटणार ही. आणि दामटलं असतं, तर इंजिन गेलं असतं.

"नाही साहेब. मी थांबवतेय." तिने आरसा पाहिला, दिवा दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"मी थांबायला सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. नापास करा. पण ही माझ्या बहिणीची गाडी आहे. सगळा जन्म तिने या गाडीवर काढलाय. मी ही जाळणार नाही."

एवढ्यात बॉनेटखालून वाफ फुसफुसली. साहेब लगबगीने उतरले, बॉनेट उघडलं आणि त्यांनी थेट माझ्या झाकणाला हात घातला.

"हात काढा!" चिमी एवढ्या जोरात ओरडली की ट्रकवाल्यानेही मागे वळून पाहिलं. "गरम असताना झाकण उघडायचं नाही! उकळतं तोंडावर येईल!"

साहेबांनी हात झटकन मागे घेतला. मग दोघं रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिले. चिमीने पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. साहेब पाणी प्यायले आणि जरा वरमून म्हणाले, "चढावरून गाडी पुन्हा निघाली नाही, त्यामुळे आज तुम्हाला पास करता येणार नाही. पण गाडी दुरुस्त झाली की सरळ माझ्याकडे या. तेवढा चढच बाकी आहे."

गाडी ओढून गॅरेजात आणली. मेकॅनिकने मला पूर्ण निवू दिलं, मग झाकण उघडून आत बोट घातलं. बोटाला तपकिरी, चिकट गोळा आला.

"बाई, हे कूलंट आहे की कपड्यांना घालायची खळ? काय ओतलंय यात?"

"मी काहीच नाही ओतलं," बाई म्हणाल्या.

बातमी ऐकून सगळे गोळा झालेच होते. "मी ओतलं ना, हिरवं!" उंट छाती काढून म्हणाला. "लाल मी ओतलं, भारीतलं!" बडबडी म्हणाली. "आणि मी पाणी," शिंपी म्हणाला. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बडबडी गप्प झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"दोन जातींची कूलंटं अशी एकत्र करायची नसतात," मेकॅनिक म्हणाला. "कधी त्यांचा असा गोळा होतो, कधी नुसता गंज धरतो. आणि नुसत्या रंगावरही जाऊ नका. एकाच रंगाची दोन निराळी असू शकतात. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं."

शिंप्याने मान खाली घातली. बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही मायेने ओतलंत रे. पण एकाने तरी मला विचारायचं होतं, आत काय आहे म्हणून. आणि मीही बॉनेट उघडायचं सोडलं."

मेकॅनिकने मला उलट्या बाजूने पाणी मारून धुतलं. गाळ निघाला, पण बऱ्याच नळ्या कायमच्या गेल्या होत्या. "हा बदलावा लागेल," तो म्हणाला. "इंजिन मात्र धडधाकट आहे. आणखी थोडी चालवली असती, तर कामातून गेलं असतं. वेळेवर बंद कुणी केली?"

सगळ्यांनी चिमीकडे पाहिलं. ती हाताला लागलेलं काळं पुसत होती.

स्टुलावर बसलेले मेहुणे आवाजाच्या दिशेने मान वळवून हळूच म्हणाले, "इतकी वर्षं ही माझ्या शेजारी बसायची. मला वाटायचं, खिडकीबाहेर बघतेय. ही तर काटे बघत होती."

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं. "कुणीतरी बघायला नको का?" ती म्हणाली आणि पुन्हा हात पुसू लागली.

माझ्या जागी नवा रेडिएटर बसला. पाइपाची पकड नवी आली, सगळा गाळ धुऊन निघाला आणि एकाच जातीचं कूलंट भरलं गेलं. बाईंनी बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याचं नाव ठळक अक्षरात लिहून चिकटवलं. मी गॅरेजच्या दाराशी एका फळीवर आलो. इथून रस्ता दिसतो. चिमी तो राहिलेला चढ चढून पास झाली, हे मला उंटाच्या बोलण्यातून कळलं. टेकडीवरचं घर विकलं गेलं नाही. आता ती मेहुण्यांना घेऊन दवाखान्याला जाते, आणि तिचा हॉर्न मी बरोबर ओळखतो. जरा जास्तच वाजवते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कुठल्याही गाडीचं कूलंट कमी दिसलं, तर हाताला लागेल ते ओतू देऊ नका. गाडी गार होऊ द्या, आत कोणतं आहे ते विचारा आणि ते कमी का झालं हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर मोठ्यांना मेकॅनिककडे जायला सांगा. नवा भाऊ आता माझ्या जागी उभा आहे. त्याला तरी शेवटपर्यंत मोकळा श्वास घेता येऊ दे.

माझं काय? एखाद्या दिवशी भंगारवाला येईल आणि मला घेऊन जाईल. मी ॲल्युमिनियमचा आहे, वितळून पुन्हा काहीतरी होईन. निवड माझ्या हातात असती, तर मी एखादं उघडं पातेलं झालो असतो. त्यात कोण काय ओततंय, ते सगळ्या घराला दिसलं असतं.