चिकटवलेलं घर

मॅडमनी लाल कौलाच्या त्रिकोणाला धरून उचललं, तर आख्खं घरच वर आलं. भिंती, दार, पडवी, सगळं एका तुकड्यात. खाली एक ठोकळा म्हणून राहिला नाही.

अंगणवाडीत मला चोवीस वर्षं झाली, अशी फजिती कधी झाली नव्हती. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथे मी मदतनीस. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. ज्यांची पुसली ते आता मोटारसायकल काढताना मलाच बाजूला व्हायला सांगतात, आणि माझ्याकडून ऐकूनही घेतात. पण त्या दिवशी ऐकून घ्यायची पाळी माझी होती. ते घर मी केलं होतं आणि नाव नातीचं सांगितलं होतं.

नात म्हणजे समीक्षा, माझ्या नीलेशची. चार वर्षांची. नीलेश आणि सून संजीवनी बिरवाडीला खोली घेऊन राहतात, दोघंही कंपनीत जातात, म्हणून पोर माझ्यापाशी. बोलायला कमी. बाकीची पोरं गाणी म्हणायची, ही कोपऱ्यात लाकडी ठोकळे घेऊन बसायची. निळे चौकोन, लाल त्रिकोण, पिवळ्या लांब पट्ट्या, हिरवे अर्धे गोल. रोज रचायची, रोज पाडायची. काय केलंस गो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, कायच नाय. वाडीतल्या बाया म्हणायला लागल्या की पोर जरा मंद दिसते. मी त्यांना चांगलं झाडलं. पण खरं सांगायचं तर तो शब्द सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने माझ्याच तोंडून गेला होता.

अशात सेविका अनुपमाताईंनी सांगितलं की गुरुवारी सुपरवायझर प्रियदर्शिनी मॅडम येणार, प्रत्येक पोराला खेळताना बघणार आणि त्याच्या कार्डावर लिहिणार. कागदावर एकदा लिहिलं की ते पुसत नाही. पोर शाळेत जायच्या आधी तिचं कार्ड तिथे पोचणार.

अंगणवाडीची किल्ली माझ्याकडेच असते. बुधवारी पोरं गेल्यावर मी खाली बसले आणि घर रचलं. चार भिंती, वर कौलं, पुढे पडवी, अंगणात तुळस. पडू नये म्हणून नीलेशच्या हत्यारांच्या पेटीतला फेविकॉल लावला. अंगणवाडीतले सगळे ठोकळे लागले. घर झालं मात्र देखणं.

गुरुवारी उचललेलं ते घर मॅडमनी परत खाली ठेवलं आणि समीक्षाला विचारलं, हे तू केलंस का. आवाजात राग नव्हता.

पोरीने एक निळा चौकोन धरून ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग घराला पाय लावून ओढला. नाही निघाला. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"ह्याचं सुटत नाय," ती मॅडमना म्हणाली. "माझं सुटतं."

एवढं बोलणं परक्या माणसाशी तिने कधी केलं नव्हतं.

मॅडमनी दुसरे ठोकळे मागितले. नव्हते, एकच पेटी आलेली. मग हिचं कार्ड आज कोरं ठेवावं लागेल, म्हणाल्या, आता पुढची फेरी तीन महिन्यांनी. अनुपमाताई मान खाली घालून उभी होती. ही पोरगी रोज पोलादपूरहून स्कूटी रेटत घाट चढून येते आणि तिला टोचून बोलायला मी एक दिवस सोडत नाही. ती माझ्यावरचं आपल्यावर घ्यायला लागली, म्हणाली, माझंच लक्ष नव्हतं.

"ताईचं काय नाय त्यात," मी म्हटलं. "घर मी केलं. खोटं पण मीच बोलले. पोरीला कुणी मंद म्हणू नये म्हणून."

"कोण म्हणतं मंद?"

"मीच म्हणते."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "आजी, घर छान झालंय. पण मला घर नको होतं. रचलेलं पडलं की ही काय करते, ते मला बघायचं होतं."

खालची वाडी बघून दोनच्या सुमाराला परत येते, तोवर ठोकळे सुटतायत का बघा, असं सांगून त्या उतरल्या.

खिचडी वाढून झाल्यावर मी मोठ्या टोपात पाणी उकळलं, टोप खाली उतरवला आणि घर त्यात सोडलं. आधी तुळस सुटली, मग पडवी. भिंती काही सोडेनात, त्या सुरीच्या टोकाने उचकटल्या. रंगाचे पोपडे निघाले, एक ठोकळा चिरला, माझी बोटं भाजली. समीक्षा उंबऱ्यावर बसून एकेक ठोकळा फडक्याने पुसत होती आणि बाहेर उन्हात मांडत होती.

मॅडम आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. पोरीने अर्धे ठोकळे आत आणले. दोन चौकोन ठेवून वर पिवळी पट्टी टाकली. पट्टी पोचेना, पडली. चौकोन जरा जवळ घेतले, परत पडली. मी सांगायला तोंड उघडलं तर मॅडमनी ओठावर बोट ठेवलं. मला गप्प करणारं माणूस आमच्या घरात तरी कुणी बघितलेलं नाही. मी गप्प बसले. पोरीने चौकोन आणखी सरकवले आणि पट्टी बसली. मग वरचे थर. खालच्या दोन ठोकळ्यांमधला सांधा झाकेल असा वरचा ठोकळा, दर थराला. गरम पाण्याने फुगलेला एक डुगडुगत होता. तिने चिरलेल्या ठोकळ्याची ढलपी घेतली आणि त्याच्याखाली सारली.

मी गुडघ्यांवर पुढे सरकले. भाताच्या खाचरांचे दगडी बांध मी या हातांनी घातलेत. सांधा झाकायचा, डुगडुगत्या दगडाखाली छोट्या दगडाची चीप मारायची, हे मला सासऱ्यांनी शिव्या देत शिकवलं, तेही दोन पावसाळे बांध ढासळल्यावर. हिला कुणी शिकवलं? रोज माझ्या डोळ्यांसमोर पाडत होती आणि रचत होती.

मॅडमचं लिहिणं कार्डाच्या मागच्या बाजूवर गेलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

त्या निघाल्या, अनुपमाताई त्यांना पोचवायला गेली. मी उठणार तेवढ्यात समीक्षाने माझं मनगट धरलं आणि वरच्या पट्टीच्या मोकळ्या टोकाखाली माझा तळवा लावला.

"आजे, हात काढू नको."

टोप घासायचा होता, केर काढायचा होता. भाजलेल्या बोटांवर पट्टी टेकली होती आणि पट्टीवर पाच ठोकळे. मी हात तसाच धरून बसले. ती बाहेर उन्हात मांडलेल्या ठोकळ्यांपाशी उकिडवी बसली होती, एक उचलायची, फिरवून बघायची, खाली ठेवायची आणि दुसरा घ्यायची.