एकदा उजेडात धरून बघा

मी बोलतोय. बाळांच्या भाज्या वाफवून वाटणारं जे छोटं यंत्र असतं ना, त्याचं मी भांडं. यंत्राचा खालचा भाग नुसता तापतो आणि घरघरतो, खरं काम माझ्या पोटात चालायचं. मला कोणी भांडं म्हणतं, कोणी जार म्हणतं. मी प्लॅस्टिकचा आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही, कारण माझी सगळी कहाणी त्याचीच आहे.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून एकच मागतात, की आम्हाला टाकून देऊ नका. माझं मागणं जरा उलटं आहे. पण ते मागाहून सांगेन, आधी माझ्या माणसांना भेटा.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी म्हणजे गोणीत भरलेले तांदळाएवढे दाणे होते. ते वितळवून साच्यात दाबले आणि बघता बघता मी कान, काठ, तळ असा सगळा मिळून बाहेर पडलो. तिथे पट्ट्याच्या टोकाला एक तपासनीस बाई बसायची. प्रत्येक भांडं उचलून दिव्यासमोर धरायची आणि आरपार बघायची. बुडबुडा दिसला, रेघ दिसली, की भांडं बाजूच्या पेटीत जायचं. मला तिनं दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "पास." त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याकडे इतकं नीट कोणी पाहिलं नाही.

पहिलं घर मिळालं ते एका हौशी आईचं. तिचा मुलगा असा खादाड, की वाटलेला भोपळा निवेपर्यंत त्याला दम निघत नसे. वर्षभरात त्याला दात आले, तो ताटात जेवू लागला आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. खोक्यात आम्ही तिघं होतो: यंत्र, मी आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. पाच वर्षं तिघांनी ताणून दिली.

मग त्या आईच्या भावाला मुलगी झाली. गोड काही दिसलं की तिकडे सरकायची, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणू लागले. ती सहा महिन्यांची झाली आणि आत्याबाई खोकं काखेत मारून हजर झाल्या.

"वर्षभरच वापरलंय गं वहिनी, नव्यासारखं आहे," आत्या म्हणाली. "उगाच दुसरं घेत बसू नका."

ती मनापासून देत होती, आणि मुंगीच्या आईनंही मनापासून घेतलं. तिला पुन्हा कामावर जायचं होतं. ती चष्म्याच्या दुकानात आहे, फ्रेममध्ये भिंगं बसवते. मुंगीचे बाबा बोटीवर कामाला, सहा सहा महिने घरी नाहीत. म्हणजे दिवसभर घरात मुंगी, तिचे आजोबा आणि मी.

आजोबांना सगळे आबा म्हणतात. आबा तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. हजारांची जेवणं उठवली, पण स्वतःच्या दोन पोरांना घास भरवायला त्यांना कधी सवड झाली नाही. निघायचे तेव्हा पोरं झोपलेली, परतायचे तेव्हा जेवलेली. हे ते मुंगीला सांगायचे, चमचा तिच्या तोंडाशी धरून. "तुझ्या बापाला भरवायचं राहून गेलं. आता तुला भरवतो. कर बरं आऽ." मुंगी आ करायची आणि अर्धा घास त्यांच्या सदऱ्यावर उडवायची. आबांना त्याचं कोण कौतुक.

पहिल्याच दिवशी त्यांनी सूचनांचा कागद काढला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. "अक्षरं आहेत की खसखस?" असं म्हणून त्यांनी त्याची चौघडी केली आणि ओट्याजवळच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल थाऱ्यावर आलं.

आता आबांच्या घासण्याबद्दल सांगतो. कँटीनमधला त्यांचा नियम होता, भांडं घासलं की त्यात तोंड दिसलं पाहिजे. पितळ, स्टील त्या नियमाला पुरून उरतात, आबांच्या हाताखाली उलट तरणीताठी होतात. पण गाजराचा पिवळेपणा माझ्या अंगात मुरायचा आणि तो डाग त्यांना बघवायचा नाही. नातीचं भांडं आणि डागाळलेलं? मग तारेची घासणी घेऊन ते माझ्यावर असे तुटून पडायचे, की खांद्यापर्यंत बाह्या सरकायच्या. घासून झालं की वरून उकळतं पाणी. दिवसातून दोनदा.

त्यांच्या हाताला माया होती, हे मी कधी विसरणार नाही. पण दोन महिन्यांत माझ्या पोटाला बारीक बारीक ओरखड्यांची जाळी झाली. कारखान्यातून निघालो तेव्हा मी पाण्यासारखा होतो, आता धुक्यासारखा झालो. वाफ लागली, पातं फिरलं, की माझ्या अंगाचा डोळ्यांना न दिसणारा चुरा सुटतो आहे, हे मला कळायचं. तो कुठे जात असेल हे सांगायला पंडित नको. समोर मुंगी आ करून बसलेली असायची.

तिला त्यानं काय होईल, काही होईल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. पण ज्या पोराला अजून 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या घासात आपलं अंग झडावं, हे मला सोसेना. ओरडून सांगावंसं वाटायचं. भांड्याला मूग गिळून गप्प बसण्यावाचून दुसरं काय येतं?

तुम्ही म्हणाल, आबांना कसं दिसलं नाही? आबांचा चष्माही आबांच्याच हातचा होता. तोही ते त्याच निष्ठेनं घासायचे, सदऱ्याच्या टोकानं, आणि फारच मळला तर भांड्यांच्या पावडरीनं. धुरकट भिंगांतून त्यांना सगळं जगच धुरकट दिसायचं, त्यात माझं काय वेगळं दिसणार? आणि सून चष्म्याच्या दुकानात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग एका रविवारी आबांना ताप आला. मुंगीच्या आईनं त्यांना झोपवलं आणि भाजी करायला स्वतः उभी राहिली. तिनं मला विसळलं, आणि हाताच्या सवयीनं, दुकानात भिंग धरते तसं, खिडकीच्या उजेडात धरलं.

धरलं आणि तिचा हात तसाच राहिला. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. आतून बोट फिरवलं. मला त्या तपासनीस बाईची आठवण झाली. कोणीतरी बघितलं एकदाचं, या विचारानं मला रडू यायचं तेवढं राहिलं.

तिनं बाळाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन ओट्यावर ठेवलेला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुंगी खेळतेय, वजन वाढतंय ना? मग जे झालं त्याचा घोर लावून घेऊ नका. यानं नेमकं किती काय होतं, हे अजून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण तापवलं, घासलं, ओरखडे पडले की प्लॅस्टिकचे कण सुटतात, हे खरं. म्हणून जे टाळता येतं ते टाळायचं. भाज्या स्टीलच्या भांड्यात वाफवा, चमच्यानं नाहीतर चाळणीतून मऊ करा. आजपासून."

"आणि हे भांडं?"

"ते खाण्यासाठी नकोच."

त्या दिवशी तिनं पातेल्यात पाणी ठेवलं, वर स्टीलची चाळणी, चाळणीत रताळ्याच्या फोडी, वर झाकण. मुंगीनं कुरकूर न करता खाल्लं. माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा सुटकेचा श्वास मी टाकला.

आता राहिले आबा. त्यांना सांगायचं कसं? म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरच्या लेकराला भरवलं, आणि त्यालाच म्हणायचं की तुमच्या घासण्यानं घोटाळा झाला? ती दोन दिवस ताकाला तूर लागू न देता पातेल्यातच वाफवत राहिली. तिसऱ्या दिवशी आबा उठून बसले, तेव्हा म्हणाली, "आबा, चष्मा द्या जरा तुमचा. भिंगं बदलून आणते."

"मला दिसतंय की चांगलं," आबा म्हणाले, भिंतीवरच्या खुंटीला छत्री समजून हात घालत.

संध्याकाळी नवी भिंगं आली. आबांनी चष्मा घातला आणि घरभर फिरले. "अरेच्चा, इथं जळमटं आहेत. हा पडदा हिरवा आहे होय? आणि तू किती वाळलीस गं पोरी." सून हसली, पण तिचं लक्ष ओट्याकडे होतं. तिथे मी होतो.

आबांनी मला उचललं. तिनं केलं तसंच, खिडकीशी नेलं. फिरवून फिरवून आरपार पाहिलं.

"हे असं कधीपासून आहे?"

"मला रविवारी दिसलं."

"मी डाग काढत होतो," आबा म्हणाले. मग कसली आठवण झाली कोण जाणे, वाकून त्यांनी टेबलाच्या पायाखालची ती चौघडी ओढली. टेबल डुगडुगलं. कागद उलगडून ते मोठ्यानं वाचू लागले. "तारेची किंवा खरखरीत घासणी वापरू नये. उकळतं पाणी ओतू नये. भांडं धुरकट झाल्यास..." पुढचं त्यांनी मनात वाचलं.

मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हजार माणसांना खाऊ घातलं, एकाचं पोट बिघडू दिलं नाही. आणि घरच्या पोरीला मी हे भरवलं."

मुंगीची आई त्यांच्या समोर बसली. "आबा, मी दिवसाला पन्नास भिंगं उजेडात धरते. गिऱ्हाइकांना सांगते, सदऱ्यानं पुसू नका, ओरखडे पडतात. घरात तुमचा चष्मा पाहिला नाही, हे भांडंही पाहिलं नाही. मग दोष एकट्या तुमचा कसा? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, झालं ते मनातून काढा आणि आजपासून बदला. तुमच्यासारखं भरवणारं मी कुठून आणू?"

आबांनी चष्मा काढला. सवयीनं सदऱ्याचं टोक हातात आलं होतं, ते सोडलं आणि सुनेपुढे हात केला. तिनं मऊ फडकं दिलं. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पातेल्यात पाणी किती ठेवतेस?"

माझी कहाणी इथं संपली असती, पण आठवड्यानं आत्याचा फोन आला. आबा मुंगीला मांडीवर घेऊन बोलत होते. आत्याच्या शेजारणीला बाळ झालं होतं आणि यंत्र तिला द्यायचं आत्यानं कबूल करून टाकलं होतं.

"नाही देणार," आबा म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात सुतळीचा तुकडा फेकला नाही, तो हे बोलत होता.

पलीकडून आत्याचा आवाज चढला. वर्षभरच वापरलेलं, मायेनं दिलेलं, आता तुमच्याकडे पडून राहणार, वगैरे.

"तू मायेनं दिलंस," आबा म्हणाले, "आणि मी मायेनं घासलं. पण मायेनं बघायलाही हवं होतं गं बाई. त्या बाळाला मी स्टीलची चाळणी पाठवतो. कशी वापरायची ते येऊन दाखवतो."

फोन ठेवला, मुंगीला आईकडे दिलं आणि आबांनी हत्यारांच्या पेटीतून गिरमिट काढलं. आधी माझं पातं काढून टाकलं. मग माझ्या तळाला एकामागून एक सहा भोकं पाडली आणि कडा पॉलिश कागदानं गुळगुळीत केल्या. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण उद्या कोणी भुलून मला पुन्हा कोण्या बाळाच्या घासाला लावेल, ही भीती त्या सहा भोकांतून निघून गेली.

आता मी बाथरूममध्ये असतो. मुंगी दीड वर्षाची झाली आहे. ती मला बादलीत बुडवते, वर उचलते, आणि सहा धारा तिच्या पायांवर पडल्या की खिदळते. काठाला तोंड लावायला गेली की स्टुलावरून आबा म्हणतात, "अंहं."

माझं मागणं आता सांगतो. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्यानं इमानेइतबारे सेवा केली असेल, कोणीतरी जिव्हाळ्यानं दिला असेल. आज त्याला धुऊन एकदा उजेडात धरून बघा. तो धुरकट झाला असेल, ओरखडला असेल, तर गरम घास त्यात घालू नका. त्याला राग येणार नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि दुसऱ्याला देण्याआधीही तेवढंच बघा.

आज सकाळी मुंगीनं मला उलटं केलं, खिडकीकडे धरलं आणि तळाच्या एका भोकाला डोळा लावला.

"दिसलो का?" आबांनी खिडकीखालच्या स्टुलावरून विचारलं.

"आबा," ती म्हणाली, आणि मला पुन्हा बादलीत बुडवलं. मी काठोकाठ भरलो आणि लगेच रिकामा झालो. माझ्या पोटात आता काही टिकत नाही, आणि माझ्यातलं काही तिच्या पोटात जात नाही.