लवंगीचा माफीनामा

लवंगीच्या श्रीमंतीबद्दल लोक वाटेल ते बोलत. तिच्या बंगल्याला अकरा खोल्या होत्या, हे खरं. पण या टोकाच्या खोलीतून त्या टोकाच्या खोलीत जायला शिदोरी बांधावी लागते, हे खोटं. नळाला गुलाबपाणी येतं हेही खोटं, कारण साधं पाणीसुद्धा वेळेवर येत नसे. मात्र तिचा कार्यक्रम लावून दंतवैद्य भूल न देता दाढा उपटत, हे खरं. घटस्फोटाला आलेलं एक जोडपं कोर्टाच्या बाकावर तिचा विनोद आठवून एकदम हसलं आणि न्यायाधीशांनी दावा तिथंच निकालात काढला, हेही खरं. साक्षीदार आहेत.

अंगकाठी अशी की खुर्चीत बसली तर पाय लोंबकळत. आवाज असा की मागच्या गल्लीतली कुत्री दचकून उठत. म्हणून लवंगी. तरुणपणी ती शिवणयंत्रांच्या दुकानात विक्रेती होती. गिऱ्हाइकं पोट धरून हसत आणि यंत्र न घेता जात. शेवटी मालकानं हात जोडले, ''बाई, तू समोरच्या टीव्हीवाल्यांकडे जा, माझं दुकान वाचू दे.'' ती रस्ता ओलांडून गेली, आणि एकतीस वर्षं दर शनिवारी तिथं उभी राहिली.

त्या स्टुडिओत प्रेक्षकांना चाळीस खुर्च्या. चाळीस माणसं किती हसणार? उरलेला हशा काचेमागून येई. काचेमागं बटणदादा बसत. समोर पेटी, पेटीवर चार बटणं: हलका हशा, खळखळाट, टाळ्यांसकट आणि चौथं, ज्याला सगळे 'लोळण' म्हणत. त्या पेटीत कुठल्या जमान्यातली माणसं हसत होती देव जाणे. निम्मी वारली असतील, पण कामात खंड नव्हता.

बटणदादांनी लवंगीचा एकही विनोद कधी ऐकला नव्हता. ''ऐकत बसलं तर मलाच हसू येईल, आणि बोट उशिरा पडेल,'' ते म्हणत. कानात कापूस घालून ते फक्त तिच्या डाव्या भुवईकडे पाहत. वाक्य संपवून ती तीन अंक मोजण्याइतकी थांबे, भुवई वर जाई, बोट खाली येई; भुवई जितकी वर, हशा तितका मोठा. एकतीस वर्षांत ना भुवई चुकली ना बोट.

मग वाहिनीला नवे मालक आले, आणि मालकांबरोबर त्यांचे केस आले. एका शनिवारी लवंगी बोलून गेली, ''आमच्या मालकांचा कलप इतका काळा, की ते खोलीत आले की दिवा लावावा लागतो.''

देशभर हशा पिकला. मालकांच्या घरात मात्र सुतक.

सोमवारी वाहिनीचे वकील चिठ्ठी घेऊन आले. शनिवारी कार्यक्रमाच्या वेळी थेट प्रक्षेपणात दीड मिनिटाचा माफीनामा वाचायचा. मजकूर वकिलांचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. नाहीतर कार्यक्रम बंद, आणि बंगला आठ दिवसांत मोकळा. कारण पाचशेव्या भागाला वाहिनीकडून बंगला मिळाला तो 'राहायला' मिळाला होता. त्या दिवशी छायाचित्रासाठी तिच्या हातात दिलेली किल्ली तिच्याएवढीच उंच होती; त्या किल्लीच्या आड कागद कुणी पाहिलाच नव्हता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात घरची पंचायत बसली. 

''ताई, दीड मिनिट,'' भाऊ म्हणाला. ''दीड मिनिटात तर अंडंसुद्धा उकडत नाही.''

''आत्या, वाच आणि विसरून जा,'' भाचा म्हणाला. तिचा सगळा व्यवहार तोच बघे, म्हणजे तिचे फोन उचलून 'आत्या झोपलीय' म्हणे.

वहिनी भांडी पुसत होती. ''वन्सं, एक विचारू? लग्नानंतर मी तुमच्याकडे किती वेळा चुकले?''

''मोजायला बसले तर सकाळ होईल.''

''आणि किती वेळा माफी मागितली?''

''एकदाही नाही.''

''मग? मी मेले का? माफी न मागून कुणी मरत नाही आणि मागूनही मरत नाही. पण या खोल्या गेल्या तर तुमच्या भावाचं हे घोरणं मला एका भिंतीआडून ऐकावं लागेल, तेवढं लक्षात असू द्या.''

लवंगी हसली. बंगला जाईल याचं तिला भय होतंच, नाही असं नाही. अकरा खोल्यांत नऊ माणसं तिच्या जिवावर पाय पसरून झोपत होती. पण वाचलं, तर पुढच्या शनिवारी तिनं काहीही म्हटलं तरी लोक मनात म्हणणार, ही परवानगी काढून बोलते. परवानगीच्या विनोदाला कोण हसतं? परवानगी देणाराच. आणि तोही उशिरा.

''वाचते,'' ती शेवटी म्हणाली. नऊ माणसांकडे बघून म्हणाली.

शनिवारी स्टुडिओत चाळीस खुर्च्या रिकाम्या. कुणी खुदकन हसू नये म्हणून वकिलांनीच प्रेक्षकांना मज्जाव केला होता. चहावाल्यालाही बाहेर काढलं होतं. वकील कॅमेऱ्याशेजारी घड्याळ घेऊन उभे. एवढी काळजी घेतली, पण काचेमागचा माणूस त्यांच्या ध्यानातच आला नाही. आणि आज हशा नको, हे बटणदादांना कुणी सांगितलं असतं तरी कानात कापूस होता.

लाल दिवा लागला. लवंगीनं कागद उचलला.

''गेल्या शनिवारी माझ्याकडून आपल्या वाहिनीच्या आदरणीय मालकांविषयी अनुचित उद्गार निघाले.''

सरळ वाचलं. आवाज खाली, मान खाली. वकिलांनी मान डोलावली.

''मी येथे स्पष्ट करू इच्छिते की मालकांच्या केसांचा रंग पूर्णपणे नैसर्गिक आहे.''

तिनं आयुष्यभर थापा मारल्या होत्या, डोंगराएवढ्या. पण इतकी कंटाळवाणी थाप पहिल्यांदाच तोंडातून निघत होती. आवंढा गिळायला ती थांबली. एक, दोन, तीन. आवंढा मोठा होता. त्याला वाट देताना भुवई आपोआप वर गेली.

काचेमागं बोट खाली आलं.

खळखळाट! मेलेली, जिवंत, सगळी माणसं एकदम हसली. लाखो घरांतली माणसं त्यांच्या मागोमाग हसली. वकिलांच्या हातातलं घड्याळ पडलं.

लवंगीनं काचेकडे पाहिलं. बटणदादा निवांत, डोळे तिच्या भुवईवर, जसे एकतीस वर्षं होते तसे. तिच्या लक्षात सगळं आलं. आता भुवई दाबून धरावी आणि उरलेला मजकूर गडगडा वाचून टाकावा, तर झालेली गोष्ट अपघात ठरेल आणि खोल्या वाचतील. ती क्षणभर नऊ अंथरुणं आठवून थांबली.

पहिला हशा अपघात होता. दुसरा नव्हता.

''मालक हे अत्यंत विनोदप्रिय आहेत,'' तिनं वाचलं, आणि तीन अंक थांबली.

टाळ्यांसकट.

''त्यांनी मला मोठ्या मनाने क्षमा केली आहे.''

खळखळाट.

''हा माफीनामा मी कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने वाचत आहे.'' आणि या वेळी तिनं दोन्ही भुवया वर केल्या. बटणदादांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला, मनगट झटकलं आणि चौथं बटण दाबलं.

त्या हशानं म्हणे तीन गल्ल्यांतल्या खिडक्यांची तावदानं वाजली. वाहिनीनं घाईघाईनं जाहिरात लावली. पण त्यांच्याकडे लवंगी नसलेली जाहिरातच नव्हती. ती गादीवर उड्या मारताना दिसली, आणि लोक पुन्हा हसले.

रविवारी सकाळी वकील बंगल्यावर आले. रात्रभर झोप नसावी. पण हातात नवा कागद होता आणि चेहऱ्यावर गोडवा.

''बाई, मालक समजूतदार आहेत. जे झालं ती तांत्रिक चूक. त्या पेटीवाल्याचं वय झालंय, हात थरथरतो. तुम्ही एवढंच लिहून द्यायचं की हशा त्याच्या चुकीनं वाजला. त्याला आम्ही घरी बसवू. कार्यक्रम तुमचा, बंगला तुमचा. या वेळी कागदही तुमच्या नावचा.''

घरची सगळी माणसं दारात गोळा झाली होती. भावानं 'ताई' म्हणायला तोंड उघडलं आणि बायकोकडे बघून मिटलं. 

''त्यांचा हात थरथरतो?'' लवंगीनं विचारलं.

''वय आहे, बाई.''

''तुम्ही दीड मिनिट घड्याळ धरलंत, तेही पडलं. ते एकतीस वर्षं बोट धरून बसलेत.'' तिनं कागद पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आणि वकिलांपुढं सरकवला. तिथं होतं: हशा मी मागितला, त्यांनी दिला. खाली सही.

वकिलांनी दोनदा वाचलं. ''बाई, याचा अर्थ कळतो ना? हा बंगला...''

''अकरा खोल्या. मला पाठ आहेत. एकीचं दार लागत नाही, तेवढं नव्या माणसाला सांगा.''

''आत्या!'' भाचा कळवळला. ''एक म्हातारा माणूस, आणि आम्ही नऊ!''

''त्या एकाला माझ्या सहीनं चोर ठरवून तुम्ही नऊ जण झोपू शकणार असाल, तर तू झोप. तुला सवय आहे, फोनवर तेच सांगतोस.''

वहिनी आत गेली. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला, मग आणखी आदळल्याचा, आणि ती गाडीच्या चाकाएवढी परात छातीशी धरून बाहेर आली. परातीत डबे रचलेले होते.

''बघत काय बसलात?'' ती नवऱ्यावर खेकसली. ''गाद्या गुंडाळा. आणि वन्सं, स्पष्ट सांगते, नव्या घरात यांना तुमच्या खोलीत झोपवणार. घोरणं तुम्ही ऐकायचं.''

''कबूल.''

भाऊ गाद्यांकडे वळला. भाचा जरा वेळ कुणाच्याच बाजूचा नसल्यासारखा उभा राहिला, मग त्यानं फोन बंद करून खिशात टाकला आणि पडदे उतरवायला स्टुलावर चढला. बघता बघता दिवाणखान्यात सामानाचा ढीग झाला. वकील मधोमध बसून होते. उठावं की बसावं, कागद ठेवावा की फाडावा, काही सुचेना. त्यांच्या खुर्चीखालून सतरंजीसुद्धा निम्मी ओढली गेली होती.

लवंगीनं बाह्या सरसावल्या आणि भिंतीपाशी गेली. तिथं शिसवी कपाट होतं, बंगल्याच्या आधीपासूनचं, तिच्या स्वतःच्या कमाईतलं पहिलं.

''हे माझं आहे. याच्या कागदावर माझंच नाव आहे,'' ती म्हणाली. ''वकीलसाहेब, रिकामे बसलाच आहात, तर पलीकडचं टोक धरा.''

''मी?''

''मग काय मालकांना बोलावू? धरा. खालून धरा, दार उघडतं. जिन्यावर आधी तुम्ही, उलटे चाला.''

वकिलांनी नवा कागद तोंडात धरला, कोटाच्या बाह्या वर केल्या, आणि वाकले.