छप्पन सह्यांची सनद

मित्रांनो, माझ्या छातीवर कोयत्याचा घाव आहे. पुठ्ठ्यातून शिरून तो एकशे बाराव्या पानापर्यंत गेला आहे. एवढा घाव सोसणारा मी कोणी पहिलवान नाही, एक जुनं पुस्तक आहे. सध्या बीडच्या कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत राहतो. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या वस्तू. माझ्या एका बाजूला लोखंडी पाइप आहे आणि दुसऱ्या बाजूला तो कोयताच. आम्हा तिघांच्या गळ्यात सारख्याच चिठ्ठ्या आहेत.

साठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक करून जुळवले गेले आणि त्यातून अमेरिकेची गोष्ट उभी राहिली. अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला लेखी कळवलं होतं, की तुझं राज्य आता आम्हाला मान्य नाही. तो जाहीरनामा, मागाहून त्यांनी केलेली राज्यघटना आणि अखेरीस जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या छप्पन जणांची नावं, असा मी एकशे चाळीस पानांचा. माझं नाव ‘अमेरिकेची सनद’.

केजच्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं काढली. वाचलं मला फार थोड्यांनी. छत गळू लागलं, माझं वरचं पान फाटलं, ‘अमेरिकेची’ गेलं आणि ‘सनद’ तेवढं राहिलं. शेवटी रद्दीच्या गठ्ठ्यातून मला बद्रीनाथ गुरुजींनी उचललं. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात ते हायस्कूलला इतिहास शिकवत.

गुरुजी मला बीडला मैनुद्दीनचाचांकडे घेऊन गेले. चाचांनी जन्मभर कोर्टाची आणि तहसिलीची दप्तरं बांधली होती. त्यांनी मला तसाच लाल खारवा चढवला, मागच्या पुठ्ठ्याला आतून कागद ठेवायचा खिसा दिला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, सनद.

“अहो चाचा, पुस्तक आहे ते,” गुरुजी म्हणाले.

“हाताला कोर्टाची सवय हाय, गुरुजी. काय करणार? पण ह्या कपड्याला वाळवी बी सलाम करून पुढं जाते.”

मित्रांनो, या लाल कपड्यानं पुढं काय घडवलं ते आता सांगतो. आमच्या भागात सनद म्हणजे निजामाच्या काळात लिहून दिलेला जमिनीच्या हक्काचा कागद. ज्याच्याकडे सनद, त्याची जमीन.

माझे खरे कामाचे दिवस गुरुजी निवृत्त झाल्यावर आले. दिवाळीनंतर अर्धं गाव उसतोडीला जाई. उन्हाळ्यात माणसं परत आली की संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर जमत आणि गुरुजी मला मोठ्यानं वाचत. सगळ्यांत पुढं छबुबाई बसायची. वीस वर्षं ऊस तोडलेली बाई, बोलायला धारदार.

सगळी माणसं समान जन्मतात, हे वाक्य गुरुजींनी वाचलं तेव्हा तिनं विचारलं, की त्या छप्पन जणांत बाया किती. एकही नाही, असं गुरुजींनी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की ज्यानं हे वाक्य लिहिलं त्याच्याच शेतावर शेकडो गुलाम राबत होते.

“मग कावून वाचता त्याचं?” छबुबाई म्हणाली. “असला मुकादम आमी लई बघितलाय.”

ओटा हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, “माणूस वाक्यापेक्षा लहान निघाला, छबुबाई. पण पुढं त्या गुलामांच्या नातवंडांनी तेच वाक्य धरून न्याय मागितला. आपल्याला वाक्याशी काम आहे.”

जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची मोठी यादी आहे. बहुतेक तक्रारी एकाच शब्दानं सुरू होतात. त्याने. त्याने हे केले, त्याने ते केले. एका संध्याकाळी गुरुजी वाचत होते, की त्याने लोकप्रतिनिधींच्या सभा मुद्दाम आडजागी बोलावल्या, म्हणजे दमून त्यांनी त्याचंच ऐकावं. छबुबाईनं हात वर केला आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

त्याआधीच्या पौषात गाव उसाला गेलेलं असताना सुग्रीवरावांनी ग्रामसभा भरवली होती. गावाची सारी सूत्रं त्यांच्या हातात. त्या रिकाम्या सभेत ठराव झाला आणि गायरान, म्हणजे सगळ्या गावाची गुरं चरायची जमीन, त्यांच्या संस्थेकडे गेली. माणसं परत आली तेव्हा तारेचं कुंपण पडलेलं होतं.

“आपला राजाबी तसलाच हाय की,” छबुबाई म्हणाली. “लिहा गुरुजी. तेच्याच चालीवर लिहा.”

मग कलेक्टर साहेबांच्या नावानं अर्ज तयार झाला. त्यानं गायरानाला तार ओढली. त्यानं गुरांचा पाणवठा बंद केला. त्यानं सभा घेतली, पण गाव घरी नसताना. खाली एकतीस जणांनी सह्या केल्या, अंगठे दिले. छबुबाईचा अंगठा शाईत बुडाला आणि थरथरला. तेव्हा गुरुजींनी तिला सांगितलं, की त्या छप्पनांतल्या एका म्हाताऱ्याचाही हात कापत होता आणि सही वाकडी आली, पण चालली. अर्ज नीट घडी करून माझ्या खिशात गेला. पुढच्या सोमवारी गुरुजी तो बीडला देणार होते.

पण गावात बोलणं फिरतं. ओट्यावरचं बोलणं सुग्रीवरावांच्या वाड्यावर पोचलं ते असं, की गुरुजींकडं लाल दप्तरातली जुनी सनद हाय, तिच्यावर छप्पन सह्या हायेत आणि राजाचंबी तिच्यापुढं चाललं न्हाई. सुग्रीवरावांना वाटलं, गायरानाचा निजामाच्या वेळचा कागद निघाला. खरा अर्ज माझ्या पोटात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते एका भलत्याच कागदाला भ्याले होते.

शनिवारी दुपारी त्यांची दोन माणसं आली. शहादेव आणि सटवा. शहादेव गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं चपला ओट्याखाली काढल्या, गुरुजींच्या पाया पडला आणि म्हणाला, “गुरुजी, ती सनद द्या. हात जोडतो. वाढवू नका.”

गुरुजी ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. मला देऊन टाकलं असतं तर त्या दोघांना इंग्लंडचा राजा मिळाला असता. पण कोणी मला उलटं करून झटकलं असतं, तर एकतीस नावं जमिनीवर पडली असती. गुरुजींनी मला छातीशी धरलं.

“शहादेव, हे वाचायचं पुस्तक आहे. तू घरी जा.”

सटव्यानं पाइप मारला तो खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी फार जवळून ऐकला. गुरुजी कलंडले, पण त्यांनी हात सोडला नाही. दुसरा फटका गुडघ्यावर आला. मग शहादेवनं कोयता काढला. तो त्यानं मला उद्देशून मारला, की पुस्तक सोडवायला गुरुजींच्या बोटांवर, ते मला कधी कळलं नाही. पातं त्यांच्या दोन बोटांतून माझ्यात शिरलं. माझी जाहीरनाम्याची पानं रक्तानं एकमेकांना चिकटली ती आजही सुटत नाहीत.

“कोन हायेत बे ते छप्पन?” सटवा ओरडला. “नावं सांग.”

गुरुजींनी नावं सांगायला सुरुवात केली.

“जोसाया बार्टलेट. विल्यम व्हिपल. मॅथ्यू थॉर्नटन.”

पाइपचा फटका पडला.

“जॉन हॅनकॉक. सॅम्युएल ॲडम्स.”

“गावातली नावं सांग बे. मस्करी करतो का?”

मस्करी नव्हती, मित्रांनो. तोंडात दुसरी कुठली नावं नसती, तर जीव वाचवायला शेजाऱ्यांची आली असती. म्हणून त्यांनी तोंडात ही दूरची, कधीच मेलेली नावं भरली. प्रत्येक नावामागं फटका बसत होता. शहादेव रडत होता आणि मारत होता, दोन्ही एकदम. त्यानं हीच नावं आठवीच्या वर्गात ऐकली होती. त्याला ती ओळखू आली असावीत, कारण तो मध्येच थांबला आणि सटव्याला म्हणाला, “शाळेतलं हाय हे.” पण सटवा थांबला नाही. अकरावं नाव अर्धंच आलं. “रॉजर,” एवढं म्हणून गुरुजींचं डोकं ओट्याच्या कडेला टेकलं.

सटव्यानं मला ओढून घेतलं, उघडलं. केसांचा टोप घातलेल्या एका गोऱ्या माणसाचं चित्र निघालं.

“आयला, पुस्तकच हाय,” तो म्हणाला आणि मला गुरांच्या हौदात भिरकावलं. पुस्तकाला काय घाबरायचं? माझा खिसा बघायचं त्याला सुचलंच नाही.

गुरुजींची मुलगी रोहिणी बीडच्या कॉलेजात शिकवते. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं ती घरी येई. त्या दिवशीही आली. आल्यावर तिनं काय पाहिलं ते मी सांगणार नाही. हौद ओट्यापासून चार पावलांवर आहे, ती चार पावलं चालायला तिला किती वेळ लागला ते मला माहीत आहे. तिनं मला पाण्यातून काढलं, पदरानं पुसलं. अर्जाचं गुरुजींनी तिला सांगितलेलं होतं, तिनं खिशात हात घातला. कागद भिजला होता, पण अंगठे शाबूत होते.

पोलीस यायच्या आधी छबुबाई आली. खाली बसली, गुरुजींच्या पायांवर कपाळ ठेवलं आणि रोहिणीच्या कानाशी कुजबुजली.

“ताई, तो कागद गावला का?”

रोहिणीनं मान हलवली.

“कुनाला दावू नको. लेकरं हायेत आमाला.”

“नाही दाखवणार,” रोहिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला आणि मी मुद्देमाल झालो. कागद तिच्याजवळच राहिला.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. कोर्टात मला टेबलावर ठेवलं होतं. आरोपींचा वकील हुशार होता. म्हणाला, की गायरानाचा कसलाही वाद नव्हता, कसलाही अर्ज नव्हता, सुग्रीवरावांना गोवण्यासाठी ही कथा रचली आहे. मग तो रोहिणीकडं वळला. “मॅडम, होता असा अर्ज? असेल तर दाखवा. कोणी केल्या होत्या सह्या?”

कागद तिच्या पर्समध्ये होता. दाखवला असता तर वडिलांच्या मरणाचं कारण सिद्ध झालं असतं. मागच्या बाकावर सुग्रीवरावांची माणसं बसली होती आणि त्यांच्या शेजारच्याच बाकांवर छबुबाई आणि गावची आणखी काही माणसं. रोहिणीनं पर्सवर हात ठेवला. तो तसाच राहिला.

“मला यावर काही बोलायचं नाही,” ती म्हणाली.

वकील हसला आणि बसायला वळला, तेवढ्यात छबुबाई उठली.

“अंगठा माझा हाय,” ती म्हणाली. “छबुबाई सिदू. अर्ज होता. मीच लिहायला सांगितला गुरुजींना.”

न्यायाधीश म्हणाले, बाई, खाली बसा, पाळी आल्यावर बोला.

“पाळीची वाट बघता बघताच गायरान गेलं, सायब. त्या मानसानं मरताना गोऱ्यांची नावं घेतली, आमचं एक घेतलं न्हाई. आता आमचं आमीच घेतो.”

ती बसली नाही. तिच्या मागं अंगद उभा राहिला, मग ताराबाई. शिपाई ओरडत होता तरी माणसं उठतच होती आणि आपापलं नाव सांगत होती. मी मोजली. एकतीसांतली नऊ. बाकीची उसाला गेली असतील, नाहीतर भ्याली असतील. मी त्यांना बोल लावत नाही.

रोहिणीनं तेव्हा पर्स उघडली.

मित्रांनो, खटला अजून चालू आहे आणि मी या खोलीत आहे. मला जपा, खारव्यावरची धूळ झटका, असं मी म्हणणार नाही. एकच मागणं आहे. पुस्तक वाचताना शेवटी नावांची पानं येतात, ती तुम्ही सगळे सोडून देता. तिथं काही गोष्ट नसते, चित्र नसतं, म्हणून. ती सोडू नका. बोट ठेवून एकेक नाव वाचा. ते लिहिताना कुणाचा तरी हात कापत होता.