सिंगल फेज

आईच्या तळहातावर एक फूल होतं – फूल म्हणावं तर उमललेलं नाही, कळी म्हणावं तर पुरती बंद नाही. पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून राहिलेली, इतकी नेटकी की कुणी ते सहज केसांत खोचावं. आईनं अंगठ्याच्या नखानं ते सोललं. आत, पिवळ्या भुश्यात, तांदळाच्या कणीएवढी अळी होती. उजेड लागल्यावर ती जराशी वळली.

"डोमकळी," आई म्हणाली. "दिसाले कशी चांगली हाय, पाह्य."

वंदनानं पाहिलं. पाहिलं म्हणजे मान वळवली. कुर्त्याच्या खिशात फोन थरथरत होता आणि तिचं निम्मं लक्ष तिकडे होतं – बँडमधला गोकुळ असणार, त्यांचं गाणं किती वेळा ऐकलं गेलं त्याचा आकडा दर तासाला पाठवायची त्याला सवय लागली होती. एकोणचाळीस लाख ऐंशी हजार. एकोणचाळीस लाख ब्याऐंशी. आईनं अळी दोन बोटांत चिरडली, बोटं पदराला पुसली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

तो रविवार होता. आठवायचा म्हटला तर त्यात आठवण्यासारखं काही नाही… भाद्रपदातलं चिकट ऊन, दुसरबीडच्या अलीकडचा शेषरावांचा प्लॉट, त्यात कंपनीसाठी लावलेलं बीटी कपाशीचं बियाणं, आणि वाकलेल्या चौदा बायका. दुपारी तीनपासून अंधारेपर्यंत मादी ओळीतली उद्या उमलणारी प्रत्येक कळी शोधायची, नखानं पाकळ्यांसकट तिचे पराग काढून टाकायचे, मधली नुसती काडी उघडी ठेवायची, देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल त्या काडीवर फिरवायचं. याला सगळ्या क्रॉसिंग म्हणायच्या. एखादी कळी हातून सुटली तर ती सकाळी आपोआप उमलते, आपल्याच परागानं फळते, आणि तिचं बी सगळ्या पोत्यात मिसळतं. कंपनीचा माणूस त्यापायी सगळा प्लॉट नापास करू शकतो. म्हणून सुटलेलं फूल सकाळी दिसलं की ते कुणाच्या ओळीतलं, हे सगळ्यांना कळतं. आईच्या ओळीत अकरा वर्षांत असं फूल कुणी पाहिलं नव्हतं.

वंदना सुट्टीच्या दिवशी आईला मदतीला यायची. बाकी दिवस ती मेहकरच्या कॉलेजात तासिकेवर काम करायची आणि उरलेल्या वेळात गायची. ती, गोकुळ आणि जानेफळचा शाकिर. गोकुळ गिटार वाजवायचा, शाकिर चाली करायचा, शब्द आणि आवाज तिचा. बँडचं नाव सिंगल फेज. 'थांबा' हे त्यांचं गाणं त्यांनी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलं, कारण तिथं आवाज घुमायचा. जूनमध्ये ते इंटरनेटवर टाकलं आणि जुलैत पुण्याच्या मुली फाट्यावरच्या एसटीच्या थांब्याचं ते गाणं म्हणत होत्या, ज्यांनी असा थांबा कधी पाहिला नसेल. आता मुंबईची एक कंपनी तीन वर्षांचा करार करू म्हणत होती. तिघांनी दुसरं काही करायचं नाही, ही अट.

आणि जो तो विचारत होता, हे टिकेल का? मुलाखत घेणाऱ्या मुलीनं हसत विचारलं. प्राचार्यांनी चष्मा पुसत विचारलं. एका वर्तमानपत्रानं तर चौकटच छापली – असे किती बँड आले, किती गेले, त्यांची नावं आज कुणाला आठवतात. मी – ती वंदना म्हणजे मीच – ती चौकट कापून एका पुस्तकात ठेवली. का ठेवली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"सिंगल फेज," शेजारच्या ओळीतून जनकाबाई म्हणाली. वयानं आईएवढी, जिभेनं तिच्यापेक्षा धारदार. "असं कुठं नाव असते काय वं? सिंगल फेजवर बल्ब लागते पोरी. मोटर नाही चालत."

बायका हसल्या. वंदनाही हसली.

"चालते म्हणे मुंबईले," आई म्हणाली.

"आणि तिची नोकरी? तू तर म्हणे दिवाळी झाली का पक्की होते."

वंदनाचं नख कळीत थांबलं. कॉलेजात ग्रंथपालाची कायम जागा निघाली होती. सहा वर्षं तासिकेवर काढल्यावर तिची निवड झाली होती, दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं, आणि आई गेले दोन आठवडे भेटेल त्याला हे सांगत होती – पिठाच्या गिरणीत, दवाखान्यात, ओळखीच्या नसलेल्या बाईलाही एसटीत. आणि शुक्रवारी, म्हणजे परवाच, वंदना कॉलेजच्या कार्यालयात जाऊन चार ओळींचं पत्र देऊन आली होती. वैयक्तिक कारणास्तव मी सदर पद स्वीकारू शकत नाही. घरी येऊन तिनं आईला सांगितलं की आज फार ऊन होतं.

आता आई सांगेल, तिनं मनात म्हटलं. जागा कशी निघाली, किती जण आले होते, साहेब काय बोलले… आणि मला मान हलवत ऐकावं लागेल.

पण आई म्हणाली, "जनके, त्या झाडाले दोन कळ्या राह्यल्या तुह्या. खालच्या फांदीले."

एवढंच. वंदनाला सुटल्यासारखं वाटलं. त्यापलीकडे काही वाटलं नाही – हे ती पुढे कितीदा तपासून पाहणार होती.

ऊन उतरत गेलं. आई आणि ती एकाच ओळीत, दोन बाजूंनी. मग आई, हात न थांबवता, जणू कळीशीच बोलत असल्यासारखी म्हणाली, "बीटी आली तवा लोक म्हणत, आता अळीचं नावच नाही राहत. तू नववीत होती. शेषरावनं पेढे वाटलते. आठ-दहा सालं खरंच नाही दिसली अळी. पण कुठं गेलती ते कोनंच इचारलं नाही."

"हं."

"आता आतून खाते. वरून फूल चांगलं."

फोन पुन्हा थरथरला. वंदनानं तो खिशातून काढला. गोकुळ लिहीत होता, करार बुधवारी, तिघांच्या सह्या एकदम हव्यात, तुझं कॉलेजचं मिटलं ना? तिनं 'हो' लिहिलं.

"वंदे."

"काय?"

"तुमचं ते… टिकन काय वं?"

फोन हातात होता, नजर फोनवर. "हाव," ती म्हणाली.

आई थोडी थांबली. ओळीच्या पलीकडे पानांतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता, कपाळावर दोऱ्याचा लाल धागा चिकटलेला. काही बोलणार असल्यासारखी थांबली, की पाठ अवघडली म्हणून… "बरं," ती म्हणाली, आणि पुढे सरकली.

ती संध्याकाळ मी बोटांनी चाचपून चाचपून गुळगुळीत करून टाकली आहे. घरी येऊन आईनं आंबट चुक्याची भाजी केली. भाकरी थापताना तिनं एकदा डावा हात झटकला, मुंग्या आल्या म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर वाकल्यावर येणारच. तिनं विचारलं, मुंबईला पाणी कसं असतं. मी म्हटलं, मी कुठं चाललेय मुंबईला. हे मी किती सहज म्हटलं. तिनं माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

आणि अंथरुणावर पडल्यावर वंदनाला एकदम आठवलं की फोन हातात आल्यापासून ओळ संपेपर्यंत तिनं तिच्या बाजूच्या खालच्या फांद्या पाहिल्याच नव्हत्या. उठून सांगावं, असं तिला वाटलं. सकाळी सांगू, असंही वाटलं.

सकाळी ती उठली तेव्हा आई निघून गेली होती. क्रॉसिंगला नऊच्या आत कुणी जात नाही, फुलं उमलायची असतात. आई साडेसहालाच गेली होती. दहाला जनकाबाईचा फोन आला – तिला नीट बोलता येत नव्हतं, ती फक्त ये म्हणत होती, ये, ये बाई लवकर – आणि साडेअकराला दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, रक्तदाब आधीपासून असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही.

नर्सनं आईचं लुगडं गाठोडं करून दिलं. ओटीला गाठ होती. ती वंदनानं संध्याकाळी घरी, बायका स्वयंपाकघरात कुजबुजत असताना सोडली. आत कपाशीची फुलं होती, एकोणीस. देठाला दोरा नसलेली. सकाळी दुधासारखी असणार; कपाशीचं फूल दुसरा दिवस लागता लागता गुलाबी होतं, तशी ती होऊ लागली होती. आईनं ती कुणी येण्याच्या आत खुडली होती, आणि बांधावर टाकली असती तर दिसली असती, म्हणून ओटीत बांधली होती.

…

तेरावं झालं. पंधराव्या दिवशी ती प्लॉटवर गेली. शेषराव म्हणाले, काही गरज नाही पोरी, मी दुसरी बाई पाहतो. ती म्हणाली, आठवडाच राहिलाय. ती आईच्या ओळीला लागली. शेजारच्या ओळीत जनकाबाई होती, आणि आज पहिल्यांदाच ती काही टोमणा मारत नव्हती.

डोमकळ्या वाढल्या होत्या. झाडं मात्र हिरवीगार, डौलात उभी. लांबून पाहणाऱ्यानं म्हटलं असतं, यंदा पीक काय आलंय.

दुपारी गोकुळचा फोन आला. त्याच्या आवाजात घाई होती आणि घाईच्या खाली दुसरं काही होतं. आकडा त्रेचाळीस लाखांवर थांबला होता, चार दिवसांत हललाच नव्हता. कंपनीचं म्हणणं, दुसरं गाणं लगेच हवं. "अगदी 'थांबा'सारखंच हवं म्हणे. तसाच फाटा, तशीच मुलगी. शाकिर चिडला. मी म्हटलं एकदा देऊन टाकू… वंदना, तुझ्यासाठी सही थांबवलीये त्यांनी. पण शुक्रवारच्या पुढे नाही थांबणार."

"मी सांगते," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं? चालेल ना आपलं?"

हा प्रश्न गोकुळनं कधी विचारला नव्हता. तिनं फोन ठेवला. हातातल्या कळीत नख घातलं, तर नखाला ओलं लागलं. अळी.

चारच्या सुमारास बांधावर मोटारसायकल थांबली. हिंमतराव, कॉलेजच्या कार्यालयातले लिपिक. गावचेच, आईनं भाऊ मानलेले, म्हणून वंदना त्यांना मामा म्हणायची. ते चप्पल हातात घेऊन ओळीतून आले आणि उगाच एका झाडाची पानं पाहत उभे राहिले.

"तुहं ते पत्र," ते म्हणाले. "माह्या टेबलात हाय अजून. वर पाठवलं नाही."

वंदना हातातली कळी सोडून सरळ उभी राहिली.

"त्याच शनिवारी बाजारात ताई भेटली. मी म्हनलं, ताई, पोरगी चांगली नोकरी काऊन सोडून राह्यली? मले वाटलं तिले माहीत असन." त्यांनी घसा साफ केला. "भेंड्या निवडत होती. निवडतच राह्यली बराच वेळ. मंग म्हने, भाऊ, दोन दिवस राहू दे ते पत्र. ती मले सांगन. तिनं सांगतलं का मी तुले निरोप देतो, मंग पाठव."

जनकाबाईचे हात थांबले होते.

"रागावली?" वंदनानं विचारलं.

"नाही. म्हने, तिच्या तोंडून ऐकतो." ते पानाची कड मोडत राहिले. "साहेबाची यादी येत्या सोमवारी जाते. तू म्हनशीन तर पत्र फाडतो, म्हनशीन तर पाठवतो. पण ताईनं मले असं सांगून ठेवलं… आता मी कोनाच्या निरोपाची वाट पाहू?"

ते गेल्यावरही बांधावर धूळ बराच वेळ तरंगत होती.

शनिवारी. म्हणजे रविवारी आईला माहीत होतं. जनकाबाईनं नोकरीचं विचारलं तेव्हा माहीत होतं. मुंबईच्या पाण्याचं विचारलं तेव्हा. दुसरी भाकरी वाढली तेव्हा… सगळा दिवस ती एकेक दार किलकिलं करून ठेवत गेली आणि मी प्रत्येक दारावरून पुढे गेले. टिकन काय वं – आणि पानांआडचा तो अर्धा चेहरा, थांबलेला. मला वाटलं होतं ती जगासारखंच विचारतेय. जगाला उत्तर हवं होतं, हो किंवा नाही. आईला बहुधा ते नकोच होतं. तिला फक्त मी काय करून बसलेय ते माझ्याकडून ऐकायचं होतं, आणि कदाचित, मी घाबरलेय का तेवढं.

पत्र फाडलं तर ते तिच्यासाठी फाडल्यासारखं होईल. पाठवलं तर… वंदनाला दोन्हीकडे समोर काही दिसेना. पण गेले पंधरा दिवस छातीत बसलेली एक गोष्ट जागची हलली, हलकी झाली नाही, फक्त हलली, आणि आता ती तिथं राहू शकत नव्हती.

ओळीच्या पलीकडच्या बाजूला, जिथं आई वाकलेली असायची, तिथं पानं स्थिर होती. शेजारी जनकाबाई आहे हे वंदनाला कळत होतं. वंदना बोलली ते पुस्तकातल्या भाषेत नाही, घरातल्या भाषेत, आणि फार मोठ्यानंही नाही.

"आई, मी नोकरी सोडली. शुक्रवारीच पत्र देऊन आलती, तुले सांगतलं नाही. आणि हाव म्हनलं ते खोटं होतं. आमचं टिकन का नाही, मले माहीत नाही, आई. मले लय भेव लागून राह्यलं."