काठावरचा ठिपका

"पंखा बंद करतो हं, वहिनी," असं म्हणत म्हाताऱ्या पारख्याने बटण दाबलं आणि पाती पुरती थांबेपर्यंत नाणं चिमटीत धरून ठेवलं. मग वीतभर उंचीवरून ते संगमरवरी तुकड्यावर सोडलं.

खरं सोन्याचं नाणं पडलं की नाद उठतो आणि खोलीत थोडा वेळ रेंगाळतो. हे पडलं आणि गप्प झालं.

त्याने दुसरं सोडलं. तेही तसंच.

समोर स्टुलावर वहिनी बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिचा एक डोळा मागच्या वर्षीच गेला होता. दुसऱ्याला आता माणसाच्या जागी माणसाएवढा धुरकट डाग दिसायचा. शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात तिचा जन्म गेला होता. गुरुवारी या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आधी पैसे भरल्याशिवाय दवाखाना तारीख धरून ठेवणार नव्हता. म्हणून ट्रंकेच्या तळातली थैली बाहेर निघाली होती. थैलीत पाच नाणी. नवऱ्याने मागे ठेवलेलं तेवढंच.

"तुमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, भावजी," ती म्हणाली. "मोजत आले. सातवी हलते. मालकाला सांगा, नाहीतर एखादं गिऱ्हाईक सोन्यासकट खाली जाईल."

"सांगतो."

"आणि इतका वेळ काय लावलाय? खालच्या दुकानातल्या मशीनला दोन मिनिटं लागतात म्हणे."

"मशीनला घाई असते."

ती हसली. त्याला हसू आलं नाही. काट्यावर पाचही नाण्यांचं वजन बरोबर भरलं होतं. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघा तेजाबाने पुसल्या गेल्या नव्हत्या. वरून सोन्याचा जाड थर, आत सोन्याइतकाच जड कुठलातरी धातू. असली नाणी काट्याला फसवतात, दगडालाही फसवतात. नाद तेवढा त्यांना जमत नाही.

हे त्याला दादाने शिकवलं होतं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने. दोघं भाऊ एकाच पेढीवर पारखायला बसायचे. "नुसतं घासून मोकळा होऊ नकोस रे," दादा म्हणायचा. "वाजव. घासून वरची कातडी तेवढी कळते." त्या वयात त्याला ते म्हाताऱ्या लोकांचं नाटक वाटायचं. पंखा बंद करा, सगळ्यांना गप्प बसवा, कान लावा. तेवढ्यात तो चार गिऱ्हाइकं वाटेला लावायचा. "माझा हात बघ आणि तुझा बघ," असं दादाला चिडवायचासुद्धा.

त्याने तिसरं सोडलं. चौथं. पाचवं जरा जास्त उंचीवरून सोडलं, जणू उंचीने काही फरक पडणार होता.

मग भिंग डोळ्याला लावून त्याने काठ पाहिले. पेढीवर पास केलेल्या प्रत्येक नाण्याच्या काठावर पारखी आपली खूण करायचा, दिसेल न दिसेल अशी, म्हणजे पुढे तक्रार आली तर कोणाच्या हातून गेलं ते कळावं. दादाची खूण आडवी रेघ. त्याची स्वतःची खूण सुईने टोचलेला ठिपका.

पहिल्या नाण्यावर ठिपका होता. दुसऱ्यावर ठिपका. त्याने भिंग शर्टाला पुसलं आणि पुन्हा पाहिलं. पाचही नाण्यांवर ठिपका.

अधूनमधून एखादं गिऱ्हाईक पेढीच्या पायरीशी दादाला बाजूला घेऊन बोलायचं. दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचा. "कोण होता?" म्हटलं तर, "काही नाही रे, ओळखीचा." अशाच एका आठवड्यानंतर दादाची सायकल दिसेनाशी झाली. "पायी चाललेलं बरं, पोट सुटतंय," तो म्हणाला होता. दादाला पोट कधीच नव्हतं.

खोट्या नाण्याच्या जागी खरं नाणं देऊन खोटं खिशात घालायचं आणि कोणाला काही बोलायचं नाही. पाच वेळा.

"भावजी."

"हं."

"पाचही तशीच वाजली."

त्याने मान वर केली.

"डोळे गेलेत, कान शाबूत आहेत," वहिनी म्हणाली. "हे घरी वाजवत बसायचे ना, तेव्हा चाळीस वर्षं शेजारच्या खोलीत भाजी निवडत मी तेच ऐकत होते. खोटं आहे ना हे?"

खोटं बोलून काही उपयोग नव्हता. खाली आतला धातू दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्यावर खरं काय ते दोन मिनिटांत उमटलं असतं. पेढी कधीच बंद पडली होती. या मालकाने त्याला जुन्या ओळखीखातर माळ्यावर बसवलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात विकावं असं काही उरलं नव्हतं. या सगळ्याचा विचार त्याने पंखा बंद असतानाच करून टाकला होता.

"हो, वहिनी."



"म्हणजे ह्यांच्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "पाच वेळा. आणि मला कधी बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, गरज पडली तर धाकट्याकडेच ने, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. मला वाटलं, तुम्ही भाव चांगला द्याल." तिने पदराने नाक पुसलं. "लोकांचं सोनं पारखत जन्म गेला आणि घरात मात्र हे. हात कच्चाच होता म्हणायचा ह्यांचा."

मग हात पुढे करून त्याने तिचा उजवा हात धरला, तिचं बोट एका नाण्याच्या काठावर टेकवलं आणि हळूच फिरवलं.

काजं करणारं बोट ते. टाक्यात कुठे दोरा सुटला ते न बघता सांगणारं. एका जागी थांबलं. मागे आलं. पुन्हा थांबलं.

"हे काय लागतंय बोटाला?"

त्याने तिचं बोट तिथेच धरून ठेवलं.

"ह्यांची तर रेघ असायची," ती म्हणाली.

तिने दुसरं नाणं स्वतःच चाचपून उचललं. मग तिसरं. पुढची दोन उचलली नाहीत. सगळी थैलीत भरली, नाडी ओढून गाठ मारली आणि थैली त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"असू देत तुमच्याकडे."

"वहिनी, गुरुवारी..."

"गुरुवारी नऊला बोलावलंय."

ती उठली. तो लगबगीने जिन्यापाशी गेला आणि आधाराला हात पुढे केला. तिने तो धरला. एक पायरी उतरली, मग दुसरी.

"सातवी हलते," तो म्हणाला.

"तुम्ही नका मोजू, भावजी," वहिनी म्हणाली. "मी मोजते."